दूरच्या भविष्याच्या जोडकथा लिहायच्यात? आधी हिशोबाची वही काढा

आधीच स्पष्ट करते, इथे विज्ञानकथा म्हणजे काटेकोरवाली, ज्याला सगळे हार्ड साय-फाय म्हणतात ती. यान वळलं की इंधन जळतं, मेसेज पाठवला की उत्तराला वर्षं लागतात, आणि लेखक अडकला म्हणून प्रकाशाचा वेग वाढत नाही. जोडकथा म्हणजे अशा कथा की एक सुटी वाचली तरी पुरी वाटावी आणि ओळीने वाचल्या तर हजारो वर्षांचा पट दिसावा. कादंबरीचे तुकडे पाडले की जोडकथा होत नाहीत, आणि सगळ्या एकाच विश्वात घडतात एवढ्यावरही भागत नाही.

नवीन माणूस सुरुवात करतो ती साम्राज्यांच्या याद्यांपासून, मग नकाशे, मग चार महायुद्धं, घराण्यांच्या वंशावळी, आणि प्रत्यक्ष पहिली कथा लिहायला बसेपर्यंत सगळा दम त्या तयारीतच गेलेला असतो. माझं म्हणणं उलटं आहे. आधी एक हिशोब करा, त्या हिशोबातून एक अडचण निघते, त्या अडचणीत एक माणूस अडकवा, आणि त्याने जे काही केलं त्याचा परिणाम पुढच्या कथेतल्या माणसाच्या माथी मारा. साखळी ती एवढीच. साम्राज्यं लागली तर नंतर येतील, बहुतेक वेळा लागतच नाहीत.

पायरी १: सूट एकच घ्या

सूट म्हणजे आज जमत नाही पण तुमच्या जगात जमतं असं काहीतरी. फ्यूजन इंजिन (हलके अणू एकत्र करून ऊर्जा काढणारं) घ्या, शंभर वर्षांची झोप घ्या, माणसाचं मन मशीनमध्ये उतरवणं घ्या, काहीही चालेल, पण सगळ्या कथांना मिळून एकच, आणि तिची मर्यादा पहिल्याच दिवशी आकड्यात लिहून ठेवा. ‘फार पॉवरफुल इंजिन’ म्हणजे काहीच नाही. ‘एक्झॉस्ट, म्हणजे इंजिन मागे फेकतं तो झोत, प्रकाशाच्या ३ टक्के वेगाने बाहेर पडतो, त्याच्या पुढे एक पाऊल नाही’ असं लिहिलंत की त्यातून आपोआप कथा सुटायला लागतात, ते पुढे दाखवतेच.

प्रकाशापेक्षा वेगाने जाणं ही सूट घेऊच नये का? घ्या हो, कोणी पकडायला येत नाही. पण सापेक्षतेच्या गणितात तशी सूट घेतली की कोणा ना कोणा निरीक्षकाच्या हिशोबाने तुम्ही निघायच्या आधीच पोचलेले असता आणि कारण-परिणामाची सगळी घडीच विस्कटते, आणि वर जोडकथांचं जे खरं भांडवल, म्हणजे अंतर आणि उशीर, तेच तुम्ही स्वतःच्या हाताने फुंकून टाकता. मला तरी हा सौदा कधीच परवडणारा वाटला नाही.

पायरी २: काळाची उडी किती, आणि मोजायची कशाने

दोन कथांमधलं अंतर सरसकट शंभर वर्षं ठेवू नका, कंटाळवाणं होतं. उडी दरवेळी साधारण दहापट करा. पहिल्या दोन कथांत दहा वर्षं, मग शंभर, मग हजार, मग दहा हजार, मग लाख. अशा सहा कथांत माणसाची जात आज जेवढी जुनी आहे, म्हणजे सुमारे ३ लाख वर्षं, त्याच्या तिसऱ्या हिश्शाच्या पुढे पोचता. वाचकालाही प्रत्येक वेळी नवा झटका बसतो, कारण प्रत्येक उडीत वेगळी गोष्ट तुटते: दहा वर्षांत माणसं बदलतात, शंभरात पिढ्या, हजारात भाषा, दहा हजारात इतिहासाची आठवणच जाते, आणि लाखात शरीराबद्दलसुद्धा खात्री देता येत नाही.

आता सन. ‘इ. स. १४०००’ असं कथेच्या डोक्यावर लिहायचा मोह होतो, पण तेव्हा इसवी सन मोजणारं कोणी असेल का? आपलं आत्ताचं कॅलेंडरसुद्धा ऋतूंच्या मानाने तीनेक हजार वर्षांत एक दिवस चुकतं. त्यापेक्षा आकाश वापरा, ते कोणाच्या सरकारवर अवलंबून नाही. पृथ्वीचा अक्ष सुमारे २६ हजार वर्षांत एक गिरकी घेतो, त्यामुळे साधारण १२ हजार वर्षांनी ध्रुवताऱ्याचा मान अभिजितकडे जवळपास जातो, जवळपास म्हणते कारण अभिजित ध्रुवबिंदूच्या अगदी वर काही येत नाही. लाखभर वर्षांत सप्तर्षींचा आकार ओळखू येणार नाही इतका बिघडतो. चंद्र वर्षाला ३.८ सेंटिमीटर लांब जातोय, म्हणजे दहा लाख वर्षांत ३८ किलोमीटर, आणि सुमारे ६० कोटी वर्षांनी तो इतका छोटा दिसेल की खग्रास सूर्यग्रहण हा प्रकारच संपेल. शेवटचं खग्रास ग्रहण बघायला कोण उभं असेल, ही एक कथा तर इथेच तयार आहे, पाहिजे तर घ्या.

त्याहून लांब जायचं असेल तर सूर्य दर १०० कोटी वर्षांत सुमारे १० टक्क्यांनी जास्त प्रखर होत जातो, म्हणजे समुद्र वाचवायचे तर तो तांबडा राक्षसी तारा व्हायची, साधारण ५०० कोटी वर्षांची, वाट बघून चालणार नाही, १०० कोटींच्या आसपासच काहीतरी करावं लागेल. ‘सूर्य विझतोय, चला पळा’ असं लिहिणाऱ्यांचं इथे हमखास चुकतं, संकट विझण्याचं नसून तापण्याचं आहे आणि ते खूप आधी येतं.

एखादी वस्तू किती जुनी हे कथेतल्या माणसाला कसं कळेल? सूर्यमालेबाहेर निघालेल्या व्हॉयेजर यानांवर परक्या कोणाला सापडली तर म्हणून ठेवलेल्या तबकडीच्या कव्हरवर १९७७ मध्येच शुद्ध युरेनियम-२३८ चा थर दिलाय, सापडली तर किती युरेनियम उरलं यावरून काळ काढता यावा म्हणून. त्याचं अर्धायुष्य, म्हणजे निम्मं उरायला लागणारा काळ, सुमारे ४.५ अब्ज वर्षं. हजारो वर्षांचा हिशोब हवा असेल तर प्लुटोनियम-२३९ बघा, २४,१०० वर्षं. तुमच्या मालिकेत अशी एक वस्तू असू द्या, कोणाच्या तोंडून तारीख वदवून घ्यावी लागत नाही.

पायरी ३: एक प्रवास शेवटपर्यंत सोडवा

ही पायरी टाळणारे लोक पुढे तिसऱ्या कथेत हमखास अडकतात, म्हणून इथे जरा थांबू. स्प्रेडशीट उघडा, नाहीतर कागद-पेन घ्या, गणित नववी-दहावीचंच आहे.

जायचं कुठे? प्रॉक्सिमा सेंटॉरी सर्वात जवळचा, ४.२४ प्रकाशवर्षं, पण तिथे सगळेच जातात. आपण टाऊ सेटी घेऊ, तिमिंगल तारकासमूहातला, ११.९ प्रकाशवर्षं, सूर्यासारखाच पण थोडा लहान आणि मंद. त्याच्याभोवती धूळ आणि दगडांची जी तबकडी आहे तिच्यात आपल्या सूर्यमालेच्या दहापटीहून जास्त माल आहे, हे लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे. तिथे ग्रह असल्याचे दावे झालेत पण त्यावर वाद आहेत, म्हणून ग्रहाचं हवामान, डोंगर, जंगल यावर कथा टांगू नका. धुळीवर टांगा, धूळ पक्की आहे.

वेग? व्हॉयेजर-१ सेकंदाला सुमारे १७ किलोमीटरने चाललंय, त्या वेगाने प्रॉक्सिमापर्यंतच ७५ हजार वर्षं लागतील, म्हणजे तो नाद सोडा. प्रकाशाच्या ५ टक्के घेऊ, सेकंदाला १५ हजार किलोमीटर. ११.९ भागिले ०.०५, उत्तर २३८ वर्षं. वेग पकडायचा आणि सोडायचा वेळ धरला तर थोडं वाढेल, आत्ता सोडून देऊ.

आता वेगाची किंमत. रिकामं यान १० हजार टनांचं धरा. एवढं वजन १५ हजार किलोमीटरच्या वेगाला न्यायला जी ऊर्जा लागते ती निव्वळ, म्हणजे वाया काहीही गेलं नाही असं धरून, आजच्या अख्ख्या जगाच्या जवळपास दोन वर्षांच्या ऊर्जावापराएवढी होते. एका यानाला. म्हणजे ‘काही श्रीमंत लोकांनी मिळून यान बांधलं’ हे कटाप, मागे एक अख्खी सूर्यमाला कामाला लावणारा समाज हवा, आणि त्या समाजात कोणीतरी विचारणारच की आमची दोन वर्षांची वीज तुमच्या हजार माणसांना कशासाठी.

मग इंधन. रशियन शास्त्रज्ञ त्सिओल्कोव्स्कीने १९०३ मध्ये मांडलेलं रॉकेटचं समीकरण इथे राज्य करतं. आपली सूट आठवा, एक्झॉस्ट ३ टक्के. नुसता ५ टक्के वेग पकडायचा असेल तर निघतानाचं वजन रिकाम्या यानाच्या ५.३ पट लागतं, म्हणजे सुमारे ४३ हजार टन इंधन. पण पोचल्यावर थांबायचंसुद्धा आहे ना! थांबायलाही तेवढाच वेग घालवावा लागतो, आणि हे आकडे बेरजेने वाढत नाहीत, गुणाकाराने वाढतात. ५.३ गुणिले ५.३, म्हणजे २८ पट, म्हणजे २ लाख ७० हजार टन इंधन. निव्वळ ब्रेकसाठी सव्वादोन लाख टन जास्तीचं.

आता सांगा, कथा कुठे शोधायची? ही काय समोर उभी आहे. कोणीतरी एका मीटिंगमध्ये म्हणणार की ब्रेकचं इंधन कशाला न्यायचं, तिथे पोचल्यावर मोठी चुंबकी शीड उघडा, ती ताऱ्याच्या वाऱ्यावर, म्हणजे ताऱ्यातून सुटणाऱ्या कणांच्या झोतावर, आणि आजूबाजूच्या विरळ वायूवर घासत वेग कमी करेल. कल्पना खरी आहे, शास्त्रज्ञांनी मांडलेली आहे, फक्त आजवर कोणी एवढ्या वेगात उघडून बघितलेली नाही. सही करणारा माणूस २३८ वर्षांनंतर जिवंत नसणार हे खोलीतल्या प्रत्येकाला माहीत आहे. ही झाली पहिली कथा, सगळी एका खोलीत, यान उडतानाचा एकही सीन नाही.

अजून दोन हिशोब करून ठेवा. एक, धूळ. एक मिलिग्रॅमचा कण या वेगात यानावर आदळला की २७ किलो टीएनटी या स्फोटकाएवढा दणका. आणि आपण चाललोय कुठे, तर धुळीच्या तबकडीत. दोन, घड्याळं. ५ टक्के वेगात काळ फारसा आखडत नाही, बरेच जण इथे सापेक्षतेकडे दुर्लक्ष करतात, पण २३८ वर्षांत यानावरचं घड्याळ पृथ्वीपेक्षा साधारण साडेतीन महिने मागे पडतं. म्हणजे यानावरच्या लोकांनी ठरवायचं, प्रस्थानाचा दिवस पृथ्वीच्या कॅलेंडरने पाळायचा की आपल्या. साडेतीन महिन्यांसाठी दोन गट पडतील? नक्की पडतील, माणसं आहेत.

यानावर वजन जाणवायला गोल फिरवावं लागणार. मिनिटाला दोन फेऱ्या ठेवल्यात तर पृथ्वीएवढं वजन यायला त्रिज्या सुमारे २२४ मीटर हवी. छोटं चाक जोरात फिरवलं की डोकं गरगरतं, त्यामुळे वीस मीटरच्या नळकांड्यात लोकांना आरामात कॉफी पाजू नका.

पायरी ४: पत्रव्यवहाराचा तक्ता

प्रत्येक कथेतल्या माणसांना एकमेकांशी बोलायला किती वेळ लागतो हे आधी काढा, कारण त्यावरून कथेचा सूर ठरतो. मंगळाशी एकेरी ३ ते २२ मिनिटं, म्हणजे गप्पा नाहीत, व्हॉइस नोट पाठवायची आणि कामाला लागायचं. दुसऱ्या ताऱ्याशी असेल तर ते जवळपास मृत्युपत्र झालं.

आपलं यान अर्ध्या वाटेवर आहे, ११९ व्या वर्षी, पृथ्वीपासून साधारण सहा प्रकाशवर्षं. तिथून प्रश्न पाठवला तर जायला सहा वर्षं. उत्तर यायला मात्र साडेसहा, कारण तोवर यान पुढे सरकलेलं असतं आणि सिग्नलला त्याचा पाठलाग करावा लागतो. एकूण साडेबारा वर्षं. तोच प्रश्न उत्तर आल्यावर परत विचारला तर पुढच्या खेपेला जवळपास चौदा. हे आकडे नुसते वाचले तरी सीन दिसायला लागतो, लागतो ना?

पायरी ५: उष्णता विसरू नका

इथे थोडक्यात सांगते, पण नवशिक्यांच्या कथा सगळ्यात जास्त इथेच फसतात. अवकाशात थंडी असते म्हणून यान गार पडेल असं लोकांना वाटतं, प्रत्यक्षात उष्णता बाहेर टाकणं हाच मोठा ताप, कारण हवा नाही, फक्त प्रारणाने, म्हणजे किरणांच्या रूपात टाकायची. २७ अंशांचा रेडिएटर, म्हणजे उष्णता बाहेर टाकणारा पत्रा, एका बाजूने चौरस मीटरला जेमतेम ४६० वॅट टाकतो. केल्विनमधलं तापमान दुप्पट केलंत तर सोळापट टाकतो, म्हणून खऱ्या यानाचे रेडिएटर मोठे आणि तापलेले असणार, आणि ते दुरून दिसणार. चोरून हल्ला करणारी याने लिहायची असतील तर आधी याचं उत्तर शोधा.

हेच समाजालाही लागू. ऊर्जेचा वापर वर्षाला २.३ टक्क्यांनी वाढत राहिला तर दर शतकात दहापट होतो. किरकोळ वाटतं? चारेकशे वर्षांत माणसाच्या कारभाराची उष्णता पृथ्वी सूर्याकडून शोषते तेवढी होते आणि तेराशे-चौदाशे वर्षांत अख्ख्या सूर्याची ऊर्जा कमी पडते. त्यामुळे ‘दहा हजार वर्षं सतत प्रगती’ असं काही नसतंच, कुठेतरी वाढ थांबलेली असते, मोडलेली असते नाहीतर बाहेर पडलेली असते, आणि यातलं काय झालं हे तुम्हाला माहीत हवं. भौतिकशास्त्रज्ञ फ्रीमन डायसनने १९६० मध्ये सुचवलं होतं की ताऱ्याभोवती बांधकाम करून त्याची सगळी ऊर्जा वापरणारा समाज अवरक्त (इन्फ्रारेड) प्रकाशात झळकेल, तेही याच कारणाने, वापरलेली ऊर्जा शेवटी उष्णता होऊन बाहेर पडतेच. कार्दाशेव्हच्या पायऱ्या, म्हणजे समाज किती ऊर्जा वापरतो यावरून पाडलेले वर्ग, टाइप वन (एका ग्रहाएवढी), टाइप टू (एका ताऱ्याएवढी) वगैरे, याही हव्या तर वापरा, पण पात्रांच्या तोंडी नको, कुठलाही समाज स्वतःला टाइप टू म्हणत नाही.

पायरी ६: कथा जोडायच्या कशाने

इथे खरी गंमत आहे. सोपा उपाय म्हणजे एक अमर पात्र, रोबो किंवा झोपून उठणारा कॅप्टन, जो प्रत्येक कथेत हजर. वापरून वापरून चोथा झालाय त्याचा, आणि तोटा असा की सगळ्या कथा त्याच्याच होऊन बसतात. दुसरा सोपा उपाय म्हणजे आडनाव, पणतूचा पणतू. पंचवीस वर्षांची पिढी धरली तर दहा हजार वर्षांत चारशे पिढ्या होतात, तेवढ्यात तुमच्या नायकाचा वंश एक तर संपलेला असतो नाहीतर सगळेच त्याचे वंशज असतात, दोन्ही केसमध्ये आडनावाला अर्थ उरत नाही.

मी परिणामाने जोडायला सांगेन. आधीच्या कथेत जे केलं, नाही केलं किंवा अर्धवट केलं, त्याचा मागे राहिलेला भौतिक ठसा. आपलंच उदाहरण पुढे नेऊ. पहिल्या कथेत ब्रेकचं इंधन काढलं. दुसऱ्यात, अर्ध्या वाटेवर, शिडीच्या कॉइलची तार पातळ असल्याचं कोणाच्या तरी लक्षात येतं. तिसऱ्यात यान पोचतं, शीड पूर्ण वेग मारू शकत नाही, मग एकच उपाय, वजन कमी करा, आणि यानाचा एक हिस्सा, रिकामा की भरलेला ते तुम्ही ठरवा, तसाच पुढे सोडून दिला जातो. तो हिस्सा थांबत नाही. सेकंदाला हजारो किलोमीटरने टाऊ सेटीच्या पलीकडे निघून जातो. चौथी कथा हजार वर्षांनंतरची, तबकडीतल्या दगडांवर वस्ती आहे, आणि त्या सोडलेल्या हिश्शाने जाता जाता एका दगडाचा चुरा केला होता, तो चुरा ठरावीक वर्षांनी फिरून येतो, ते त्याला ऋतू मानतात. पाचवी दहा हजार वर्षांनंतर पृथ्वीवर, ध्रुवाजवळ अभिजित येत चाललाय, आणि कोणीतरी जुन्या नोंदीत सव्वादोन लाख टन इंधन कागदोपत्री आहे पण प्रत्यक्षात गेलंच नाही हे शोधून काढतं. बघा, एकही पात्र दुसऱ्यांदा आलेलं नाही, तरी सुई-दोरा एकच आहे.

ठसे कसले कसले असू शकतात याचा विचार सवडीने करा: मोडकी वस्तू, कक्षा बदललेला दगड, वाटेत असलेला सिग्नल, दूषित जमीन, बियाण्यात केलेला बदल, आणि चुकीची नोंद. यातली चुकीची नोंद माझी सगळ्यात आवडती. पण दुवा वाचकाला कळला पाहिजे, पात्राला नाही. चौथ्या कथेतल्या बाईने ‘अरेच्चा, हा तर त्या यानाचा तुकडा’ असं ओळखलं की मजा गेली. तिला ऋतूच वाटू दे, वाचक मनातल्या मनात काय ते समजेल.

आणि प्रमाण सांभाळा, प्रत्येक कथेत मागचा एक धागा उचला आणि पुढचा एक सोडा. सगळेच धागे एका कथेत आले की ती कथा राहत नाही, हजेरीपट होतो.

पायरी ७: सीन लिहायला बसल्यावर

हिशोबाची वही आता बंद करा. वहीतलं नव्वद टक्के कथेत येता कामा नये. नवीन लेखकाला वाटतं की एवढी मेहनत केली तर दाखवू की, आणि मग असलं काहीतरी कागदावर उतरतं:

“तुला माहीतच आहे की आपलं यान प्रकाशाच्या पाच टक्के वेगाने चाललंय आणि त्यामुळे पृथ्वीशी संपर्काला साडेबारा वर्षं लागतात,” कॅप्टन गंभीरपणे म्हणाला.

माहीतच आहे तर सांगतोस कशाला बाबा! तेच आकडे वापरून दुसरा प्रयत्न:

कॉइलची तार ड्रॉइंगपेक्षा पातळ का, हे रेवाने विचारलं तेव्हा ती एकोणीस वर्षांची होती. उत्तर आलं तेव्हा तिची पोरगी दहा वर्षांची झालेली. उत्तर एका ओळीचं होतं. तुमच्याकडचं ड्रॉइंग जुनं आहे, सुधारित ड्रॉइंग सोबत जोडलं आहे. रेवाने खाली सरकवून बघितलं. सोबत काही जोडलेलं नव्हतं.

इथे वेग नाही, अंतर नाही, एकही टक्केवारी नाही, पण उशीर किती आणि तो काय करतो हे पोचलं, शिवाय पुढच्या दोन कथांची पाचर मारून झाली. आकडा वयात लपवा, उंचीत लपवा, हाताच्या हालचालीत लपवा. फिरणाऱ्या यानात चेंडू सरळ वर टाकला तर तो थोडा बाजूला पडतो, तिथली पोरं तो बरोबर झेलतात आणि पृथ्वीवरून आलेल्या म्हाताऱ्याचा मात्र सुटतो, एवढं एक वाक्य पुरतं.

आकाशसुद्धा असंच वापरा. टाऊ सेटीवरून सूर्य तेजाने तिसऱ्या प्रतीच्या आसपासचा, स्वातीच्या जवळ दिसणारा एक तारा आहे, बस. मुद्दाम दाखवल्याशिवाय कोणाच्या लक्षातही येणार नाही असा. ‘निळी पृथ्वी दिसली आणि त्याचे डोळे भरून आले’ असं मात्र लिहू नका, तिथून पृथ्वी डोळ्यांना दिसतच नाही.

नावं आणि भाषा यावर फार डोकं शिणवू नका. अपॉस्ट्रॉफी आणि क्ष-झ भरलेली नावं भविष्याची वाटत नाहीत, टायपिंगच्या चुका वाटतात. सातशे वर्षांपूर्वीची ओवी वाचताना आपल्याला टिपा लागतात, तर दहा हजार वर्षांनंतरची भाषा आपल्याला शून्य कळणार हे उघड आहे, म्हणून कथा आजच्या भाषेतच लिहा, फक्त त्या काळात नसलेल्या गोष्टींच्या उपमा काढून टाका. ज्याने पाऊस कधी पाहिला नाही तो ‘टाळ्यांचा पाऊस’ म्हणणार नाही.

पायरी ८: किती लिहायच्या, कुठून सुरू

पहिल्यांदा तीनच कथा लिहा, दोन ते तीन हजार शब्दांच्या. बारा कथांचा आराखडा भिंतीवर लावून बसलात तर तिसऱ्या कथेनंतर तो ओझं वाटायला लागतो. आणि पहिली लिहायची ती काळाने पहिली असलीच पाहिजे असं नाही, मी मधली आधी लिहायला सुचवेन, कारण तिला मागचं कर्जही असतं आणि पुढची जबाबदारीही, त्यामुळे दोन्ही बाजूंना काय लागणार ते आपोआप कळतं. मग मागची, मग पुढची.

तिन्ही झाल्या की त्या एका मित्राला उलट्या क्रमाने वाचायला द्या. प्रत्येक कथेत कोणाला काहीतरी हवं होतं आणि त्याचं काय झालं हे त्याला मधलं काही न विचारता सांगता आलं तर कथा सुट्या उभ्या राहतायत. ‘हे आधीच्यात असेल ना?’ असं त्याने दोनदा विचारलं तर त्या कथेचं पहिलं पान परत लिहावं लागणार.

पायरी ९: तपासणी

नासाच्या एक्सोप्लॅनेट अर्काइव्हमध्ये ताऱ्यांची अंतरं आणि कुठला ग्रह पक्का, कुठला वादातला, हे फुकट बघायला मिळतं. सूर्यमालेतल्या कुठल्या तारखेला कोण कुठे, यासाठी नासाच्या जेपीएल या प्रयोगशाळेची होरायझन्स सिस्टिम आहे. स्टेलारियम सॉफ्टवेअरमध्ये तारीख हजारो वर्षं पुढे ढकलून ध्रुव सरकताना बघता येतो, तास-दोन तास कुठे जातात कळत नाही, सांभाळून. चॅटबॉटला विचारून आकडा मिळाला तर तो कागदावर स्वतः एकदा करून बघा, शून्यं इकडची तिकडे झाली की यान दहापट आधी पोचतं आणि हे पकडणारा वाचक नेमका तुम्हालाच भेटतो.

वहीत प्रत्येक आकड्यापुढे तो कधी घेतला ती तारीख टाका. विज्ञान कथेसाठी थांबत नाही. २०१२ मध्ये मोजमापं आली तेव्हा देवयानी दीर्घिका आणि आपली आकाशगंगा सुमारे ४ अब्ज वर्षांनी धडकणार हे जवळजवळ पक्कं मानलं जात होतं, २०२५ च्या नव्या गणिताने पुढच्या १० अब्ज वर्षांत टक्कर होण्याची शक्यता सुमारे निम्म्यावर आणून ठेवली. तुमची एखादी कथा त्या धडकेवर उभी असेल आणि छापून झालेली असेल तर ती उकरत बसू नका. पुढची कथा लिहाल तेव्हा तिच्यातल्या एखाद्या म्हाताऱ्याला ती टक्कर जुन्या लोकांची समजूत म्हणून आठवू दे, आणि त्याच्या नातीला त्यावर हसू दे.